होडी घेण्याआधी नदी बघा

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात मॅकेन्झी नावाची नदी आहे. डोंगरातून खडकांवर आपटत येणाऱ्या या नदीत ट्राउट धरायला जाणाऱ्या तिथल्या वाटाड्यांनी विसाव्या शतकात एक होडी घडवत आणली. तिला ड्रिफ्ट बोट म्हणतात. माझा भाचा परवा तिचा व्हिडिओ घेऊन आला. गळाच्या मासेमारीचा त्याला भारी नाद, आणि दोन पैसे बाजूला टाकून त्याला आता स्वतःची होडी घ्यायची आहे. म्हणाला, "मामा, गंगापूर धरणाखाली सोडली, तर सोमेश्वर, रामकुंड करत थेट सायखेड्यापर्यंत मासे धरत जाता येईल की!"

नाशिकच्या काठांवर गळ टाकून बसणारी तरुण मुलं आता बरीच दिसतात. त्यांतल्या पुष्कळांच्या मनात हीच हौस असणार, म्हणून त्याला दिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी त्या होडीचं मर्म समजून घेतलं पाहिजे. तिचा तळ सपाट असतो, पण पुढून मागे पाहिलं तर कमानीसारखा वर वळलेला. त्यामुळे पाण्याला तिचा मधला भागच काय तो टेकतो, आणि वल्ह्याच्या एका हिसक्यात ती जागच्या जागी वळते. बाजू उंच आणि बाहेर कललेल्या, म्हणजे उसळतं पाणी आत येत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वल्हवणारा. तो तोंड पुढे, प्रवाहाच्या दिशेला करून बसतो आणि वल्ही प्रवाहाच्या उलट ओढतो. होडी पळवण्यासाठी नव्हे, तिला आवरण्यासाठी. पाणी धावत असतं, होडी त्याच्यापेक्षा सावकाश उतरते, आणि पुढे उभ्या असलेल्या माणसाला खडकामागच्या प्रत्येक शांत खळग्यात गळ टाकायला उसंत मिळते.

शर्यतीच्या होडीचं तंत्र बरोबर याच्या उलटं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला एकट्याने वल्हवायच्या गटात उतरला आणि तेरावा आला. पुढे २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीतून त्याने देशाला सुवर्णपदक मिळवून दिलं. पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या मुलखातल्या या पोराने लष्करात गेल्यावर वल्हं हाती धरलं, याचा अभिमान नाशिक जिल्ह्याने जन्मभर बाळगावा. त्याची ती एकट्याची होडी नियमाने किमान चौदा किलोची, लांब आणि अतिशय अरुंद असते. वल्हवणारा पाठ पुढे करून बसतो, आणि वल्ही पाण्यावर नसतील तर ती सरळ कलंडते. वेगासाठी तिच्यासारखी दुसरी नाही, पण तिच्यात बसून गळ टाकता यायचा नाही. म्हणून होडी चांगली की वाईट, हे पाणी आणि काम ठरल्याशिवाय सांगता येत नाही.

आता आपलं पाणी बघू. ड्रिफ्ट बोटीला महिनोन्महिने एकसारखी वाहणारी नदी लागते. नाशिकची गोदावरी तशी राहिलेली नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं तर नदी, नाही सोडलं तर खडकांतून झिरपणारी धार आणि मधे मधे डबकी. सोमेश्वरला पाणी खडकावरून खाली कोसळतं, तिथून कुठलीच होडी उतरवायची नसते. पुढे आनंदवल्लीचा बंधारा, मग शहरातले पूल आणि घाट, आणि रामकुंडावर स्नानाला आलेल्या भाविकांची गर्दी. तपोवनाच्या खाली सांडपाणी आणि पाणवेली. पाणवेलीत वल्हं एकदा गुंतलं, की ते सोडवण्यातच निम्मी सकाळ जाते.

राहिले पावसाळ्यातले दिवस. तेव्हा नदी खरोखर वाहते, आणि नेमकं तेव्हाच तिच्यात उतरायचं नसतं. विसर्ग किती क्यूसेकने वाढवला हे आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, हे बघायला पुलावर जातो. २००८, २०१६ आणि २०१९ साली गोदाकाठाने काय पाहिलं ते आठवावं. सायखेडा आणि चांदोरीच्या लोकांना तर ते सांगावंही लागत नाही. अशा पाण्यात छंद म्हणून होडी घालणारा माणूस स्वतःचा जीव तर धोक्यात घालतोच, त्याला काढायला धावणाऱ्यांचाही घालतो.

बंधाऱ्याबद्दल जरा थांबून सांगायलाच हवं, कारण तो धोका नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी तळाशी जातं, वर येतं आणि वरच्या थरातून पुन्हा भिंतीकडेच ओढलं जातं. म्हणजे बंधाऱ्याच्या पायथ्याशी पृष्ठभागावरचा प्रवाह उलटा, भिंतीकडे चालतो. त्यात सापडलेली होडी आडवी होते, भरते आणि सुटत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तो भोवरा पुन्हा पुन्हा आत खेचतो. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात सुगावला, प्रवरेच्या पात्रात, बुडालेल्यांचा शोध घेणारी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि धुळ्याच्या त्या पथकातले तीन जवान गेले. ती शिकलेली, सराव असलेली माणसं होती. म्हणून बंधाऱ्याच्या वरून किंवा खालून, कुठूनही जवळ जायचं नाही, हा नियम भाच्याला मी लिहून दिला आहे.

आता मासे बघू. वाहत्या पाण्यातला आपला खरा मानकरी मासा म्हणजे महसीर. सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्यांच्या खळाळत्या, स्वच्छ पाण्यात आणि खोल डोहांत राहणारा. धरणांनी त्याच्या वाटा अडवल्या, नदीच्या घाणीने उरलेली जागा घेतली. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटा वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास करून बोटुकली ठिकठिकाणी सोडली, ते फार मोलाचं काम आहे. पण वाहत्या नदीची जागा तळं भरून काढत नाही. नाशिकजवळ आज गळाला लागतात ते बहुतेक साचलेल्या पाण्यातले मासे. रोहू, कटला, मरळ, वाम, शिंगाळा आणि जिकडे तिकडे माजलेली चिलापी. तेव्हा होडीही साचलेल्या पाण्याचीच बघायला हवी.

माझी निवड अशी. बारा ते चौदा फूट लांब, तळाला चांगली रुंद, सपाट, फायबरची होडी. तळाची कमान अगदी थोडी, कारण धरणाच्या उघड्या पाण्यावर जास्त कमानीची होडी वाऱ्याने भिरभिरते, सरळ चालतच नाही. ड्रिफ्ट बोटीच्या उंच बाजूही इथे नडतात, वारा त्यांना शिडासारखा ढकलतो. पुढच्या आणि मागच्या टोकाला हवाबंद कप्पे हवेत, म्हणजे होडी पाण्याने भरली तरी तळाला जात नाही. विकत घेताना विक्रेत्याला ती मुद्दाम भरून दाखवायला सांगावी. तो तयार झाला नाही, तर दुसरीकडे जावं. दोघांना उचलून गाडीवर चढवता येईल एवढंच वजन असावं. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं, आणि गाडी थांबते तिथपासून काठापर्यंत भेगाळलेला गाळ तुडवत होडी वाहून न्यावी लागते.

हवेने फुगवायच्या होड्या स्वस्त मिळतात आणि डिकीत मावतात, म्हणून पुष्कळांना मोह होतो. आपल्या धरणांत बुडीत शेतांचे बांध आहेत आणि बांधांवर बाभळी होत्या. त्या पाण्याखाली उभ्याच्या उभ्या वाळल्या आहेत. फुगवलेल्या होडीला एक काटा पुरतो. इंजिनही नको. गंगापूरचं पाणी नाशिककर पितात, त्यात तेलाचा तवंग कशाला? दोन वल्ही आणि उथळ पाण्यात ढकलायला एक लांब बांबू, एवढ्यात काम होतं.

आणि विचारल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. जलाशय जलसंपदा विभागाचा असतो, त्यातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्या माणसांनी बीज विकत आणून सोडलेलं असतं. हौशी माणसाने त्यांच्याकडे जाऊन रीतसर परवानगी घ्यावी. नांदूर मधमेश्वरला तर होडीचा विचारच करू नये. ते पक्षी अभयारण्य आहे, २०२० मध्ये रामसर यादीत जाहीर झालेली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा आहे, तिथलं पाणी पाखरांना राहू द्यावं. पहिल्या पावसात अंडी घालायला वर निघणारे चढणीचे मासेही सोडून द्यावेत. पोटात गाभोळी असलेला मासा धरण्यात कसली मर्दुमकी?

ठेक्याच्या या माणसांबद्दल मला जास्त बोलायचं आहे. भाच्याला घेऊन मी धरणाच्या फुगवट्यावर गेलो, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ जाळं काढून काठाला येत होते. त्यांच्याकडे होडी नव्हती. थर्माकोलचे जाड ठोकळे एकावर एक ठेवलेले, त्यावर खताच्या रिकाम्या गोण्या शिवलेल्या, आणि सगळं नायलॉनच्या दोरीने आवळलेलं. कडेच्या गोण्या उन्हाने विरल्या होत्या, तिथून थर्माकोलचे पांढरे मणी पाण्यात सांडत होते. वर मांडी घालून बाबा बसलेले, ओलं जाळं पुढ्यात, आणि दोन्ही हातांत ताटलीएवढ्या दोन फळ्या. त्याच त्यांची वल्ही. भाच्याने विचारलं, "बाबा, वारा सुटला तर?"

"सुटला तर आडवं पडायचं आन् दोर धरायचा," बाबा म्हणाले. "होडी घ्यायला कोन नको म्हनतंय? पैका पायजे ना."

अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. त्या पाण्यावर मी पाहिलेल्या एकाही मच्छीमाराच्या अंगात नव्हतं. उजनीच्या जलाशयात २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते, एक पोहत काठाला लागला, सहा जण बुडाले. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर असा वारा आपल्याकडेही क्षणात उठतो. बोटीची ही गत झाली, तर थर्माकोलच्या तराफ्यावर रोज एकट्याने जाणाऱ्या माणसाची काय होईल?

यावर उपाय नाही असं नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना होडी आणि जाळ्यांसाठी अर्थसाहाय्याची तरतूद आहे. सर्वसाधारण गटाला खर्चाच्या ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. याच योजनेत मच्छीमारांचा अपघात विमाही आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पाच लाख रुपये, आणि त्याचा हप्ता मच्छीमाराला भरावा लागत नाही. पण फायबरची होडी घ्यायची तर उरलेला वाटा आधी उभा करावा लागतो, कागद जमवावे लागतात, कामाचा दिवस मोडून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी खेटे घालावे लागतात. रोजच्या जाळ्यावर ज्याची चूल पेटते त्याला हे जड जातं, आणि तो पुन्हा गोण्या शिवायला बसतो.

भाच्याने ड्रिफ्ट बोटीचा नाद सोडला आहे. सपाट तळाची होडी तो घेईल, पण आधी चार जॅकेटं घेणार आहे, दोन स्वतःच्या होडीत आणि दोन त्या काठावर द्यायला. तुमच्यापैकी जे धरणावर गळ घेऊन जातात त्यांना माझं सांगणं आहे. ज्या संस्थेच्या पाण्यात तुम्ही मासे धरता, तिच्या एका तरी सभासदाचा होडीचा आणि विम्याचा अर्ज तुम्ही भरून द्या, आणि तो घेऊन मत्स्यव्यवसाय विभागाच्या नाशिकच्या कार्यालयात त्यांच्याबरोबर जा. पावसाळ्याच्या आत हे काम उरका.