रडीचा डाव

परवा रात्री साडेबाराला मित्राचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही, थेट तोफ सुरू. "अरे, याला काय फुटबॉल म्हणतात? अख्खा वेळ बॉल माझ्याकडे आणि जिंकलास तू! रडीचा डाव आहे हा!"

झालं होतं असं. आम्ही दोघं ऑनलाइन फुटबॉल मॅनेजर खेळतो. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: यात आपण बटणं दाबून गोल मारत नाही. आपण मॅनेजर. संघ निवडायचा, डावपेच ठरवायचे आणि मग हाताची घडी घालून बघत बसायचं. (आमच्या सौ. याला 'एक्सेल शीटला मारलेला हिरवा रंग' म्हणतात.) १९९२ साली कोलियर बंधूंनी चॅम्पियनशिप मॅनेजर या नावाने हा खेळ आणला. पुढे प्रकाशकाशी फारकत झाली आणि २००४ पासून त्याच मंडळींचा खेळ फुटबॉल मॅनेजर म्हणून ओळखला जातो.

तर मित्राकडे मँचेस्टर सिटी आणि माझ्याकडे अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनली. म्हणजे लँकेशायरमधला छोटासा क्लब, पाचेक हजार माणसांचं मैदान, इंग्लंडची चौथी पायरी. एफए कपच्या तिसऱ्या फेरीत आमची गाठ पडली. त्याचं पझेशन ७३ टक्के, शॉट्स २२. माझे शॉट्स ३. ७८व्या मिनिटाला त्याचाच कॉर्नर माझ्या गोलकीपरने वरच्या वर पकडला, उजवीकडे विंगरला फेकला, तिथून चार टच आणि गोल. १-०. त्यानंतर तो फोन.

मला राग हरल्यावर चिडण्याचा नाही आला. चिडावंच माणसाने. राग आला तो त्यातल्या सोवळेपणाचा. बॉल आपल्याकडे ठेवणं म्हणजे संस्कार, आणि समोरच्याला आत येऊ देऊन मागच्या मोकळ्या जागेत घुसणं म्हणजे लबाडी! हे ठरवलं कुणी? ज्यांच्याकडे बॉल ठेवू शकणारी माणसं विकत घ्यायला पैसे आहेत त्यांनीच ना? माझ्या सेंटर बॅकचं पासिंग २० पैकी ७ आहे. ट्रान्सफर बजेट शून्य. त्या बिचाऱ्याने स्वतःच्या गोलसमोर सिटीच्या फॉरवर्ड्सना चकवत सुंदर छोटे पास खेळावेत, अशी अपेक्षा करणाऱ्याला मी सौंदर्यवादी म्हणणार नाही. मी त्याला श्रीमंत म्हणेन.

आणि सौंदर्याचंच म्हणाल तर २ जुलै २०१८, रोस्तोव. वर्ल्डकपच्या बाद फेरीत जपान बेल्जियमविरुद्ध २-० ने पुढे होता, ते २-२ झालं. ९४व्या मिनिटाला जपानला कॉर्नर. कूर्त्वाने बॉल पकडला आणि लगेच डी ब्रॉयनाकडे सरकवला. डी ब्रॉयना मैदानाच्या मधोमध पळत सुटला, योग्य क्षणी उजवीकडे म्युनियेला दिला, म्युनियेने खालून आत टाकला. लुकाकूच्या पायाशी बॉल आला आणि त्याने तो चक्क सोडून दिला! कारण मागून शादली येतोय हे त्याला ठाऊक होतं. गोल. सगळं मिळून दहाएक सेकंद. चाळीस पासांचं विणकाम बघताना माझा कधी श्वास अडकला नाही, या दहा सेकंदांत दरवेळी अडकतो. मोरिन्योच्या रेआल माद्रिदने २०११-१२ मध्ये ला लीगा जिंकली ती १०० गुण आणि १२१ गोल करून. त्या संघाचं सगळ्यात भयंकर हत्यार प्रतिहल्ला होतं. १२१ गोल मारणारा संघ भेकड?

(आता कुणीतरी गनिमी कावा काढणार. नका काढू. महाराजांना आमच्या लॅपटॉपमध्ये ओढायचं कारण नाही. त्यापेक्षा कबड्डी बघा. चढाईपटू आत येतो, साखळी मागे सरकते, अजून आत येऊ देते, आणि कोपऱ्यातला बरोबर क्षणी घोटा धरतो. याला कुणी रडीचा डाव म्हणतं? उलट प्रो कबड्डीत मैदानावर तीन किंवा कमी गडी असताना पकड केली तर एक गुण जास्त देतात.)

पण खरं सांगायचं तर माझं जास्त भांडण माझ्याच बाजूच्या लोकांशी आहे. डिफेन्सची ओळ स्वतःच्या गोलपर्यंत मागे ओढायची, अकराच्या अकरा माणसं बॉक्समध्ये कोंबायची, आणि म्हणायचं "काउंटर खेळतोय". अरे, पळणार कोण? बॉल मिळाला की समोर कोणी नाही म्हणून तो नुसता लांब भिरकावला जातो आणि दहा सेकंदांत परत अंगावर येतो. यांच्यामुळे आम्ही बदनाम.

यात थोडा दोष खेळाचाही होता. २०१० च्या आवृत्तीपासून कितीतरी वर्षं 'काउंटर' हे मानसिकतेच्या यादीत बचावाच्या जवळचं एक नाव होतं. म्हणजे काउंटर ही भित्रेपणाची एक पायरी! एफएम २०१९ मध्ये ते नाव बदलून 'सावध' अशा अर्थाचं केलं, आणि काउंटर उचलून वेगळ्या खणात ठेवलं: बॉल हिसकावला त्या क्षणी काय करायचं, या खणात. जागा तीच बरोबर आहे. प्रतिहल्ला म्हणजे किती मागे बसलात ते नव्हे, बॉल मिळाल्यावरच्या पहिल्या दोन सेकंदांत काय केलंत ते.

त्यासाठी किंमत मोजावी लागते. सिटीच्या कॉर्नरला मी दोन माणसं मध्यरेषेजवळ वर ठेवली होती, बॉक्समध्ये दोन कमी. ७८व्या मिनिटाच्या आधी असे अकरा कॉर्नर झाले, आणि दरवेळी माझ्या पोटात गोळा. विंगर निवडताना नुसता वेग बघून चालत नाही. वेग १६ आणि निर्णयक्षमता ६ असेल तर पोरगा जोरात पळत जाऊन बॉल बाहेर घालवतो. बचावातल्यांची एकाग्रता तर पासिंगच्या आधी बघावी लागते, कारण ८९ मिनिटं जागेवर उभं राहायचं आणि एकदाही डुलकी घ्यायची नाही. हे कष्ट कुणाला दिसत नाहीत, कारण ते पझेशनच्या आकड्यात मोजले जात नाहीत.

हे सगळीकडे चालतं असं मात्र मी म्हणत नाही. लीगमध्ये आम्ही वर चढलो तसे समोरचे संघ मागे बसायला लागले. पळायला जागाच उरली नाही. गेल्या मंगळवारी तळाच्या संघाने मला घरच्या मैदानावर १-० ने हरवलं. पझेशन माझं ६३ टक्के. गोल माझ्याच कॉर्नरवरून. मित्राला कळलं तेव्हा तो पाच मिनिटं हसत होता. हसू दे. आता बॉल ठेवायला शिकावं लागेल, आणि ते मी नाक मुरडून करणार नाही. पुढच्या पोरांचं पासिंग ९ आहे, जमेल तितकं जमेल.

असो. मी त्याला एक साधा प्रस्ताव दिलाय. नवीन डाव सुरू करू, क्लब बदलू. मी सिटी घेतो, तू अ‍ॅक्रिंग्टन घे आणि तुझं ते सुंदर फुटबॉल तिथे खेळून दाखव. मेसेज वाचलाय त्याने. दोन निळ्या खुणा दिसतायत. उत्तर अजून नाही.