दार उघडे, बियाणे कुठे?

जुन्नर तालुक्यातील खोडदची रेडिओ दुर्बीण वापरायला भारतीयच असावे लागत नाही. जगातल्या कुठल्याही खगोलशास्त्रज्ञाने प्रस्ताव पाठवावा. समितीला पटला की वेळ मिळतो. निरीक्षणे अठरा महिने त्याची, मग सर्वांची. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या म्हणजे पोलादी दोरांवर ताणलेली तारेची जाळी. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्चही आटोक्यात. जून २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या मंद गुंजारवाचे पुरावे जाहीर झाले, तेव्हा युरोपीय गटाच्या विश्लेषणात खोडदच्या नोंदीही होत्या.

खोडदहून दक्षिणेला गेले की आंबेगावचे सातगाव पठार लागते. इथे खरिपात बटाटा. चिप्सला लागणारा बटाटा वेगळा असतो: साखर कमी, घन भाग जास्त, नाहीतर काप तळताना काळे पडतात. करार शेतीत कंपनी बियाणे देते, भाव आधी ठरवते, माल उचलते. वाणाची मालकी मात्र तिचीच. पेप्सिकोने २०१९ मध्ये गुजरातच्या चार शेतकऱ्यांवर एफसी-५ या वाणासाठी प्रत्येकी कोटीहून अधिक भरपाईचे दावे लावले आणि देशभर ओरड झाल्यावर मागे घेतले. वाणाची नोंदणी डिसेंबर २०२१ मध्ये रद्द झाली. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय फिरवला. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बियाणे राखण्याची, पेरण्याची, देवघेवीची, अगदी विकण्याचीही मुभा दिली आहे. फक्त ब्रँडचे नाव लावून विकता येत नाही. तरीही कोटीच्या नोटिशीपुढे कलम वाचत बसणारा शेतकरी विरळा.

कंपनीला शिव्या घालून मोकळे होणे सोपे आहे. पण सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्येच कुफरी चिप्सोना-१ दिला. सरकारी पैशातून आलेला, चिप्ससाठीच निवडलेला वाण. मग शेतकरी कंपनीच्या दारात का? कारण तिथे बियाणे वेळेवर मिळते आणि मालाला गिऱ्हाईक ठरलेले असते. खोडदचे दार उघडे राहते ते नुसत्या घोषणेने नव्हे. मागे अभियंते, समिती, जतन केलेल्या नोंदी आणि दरवर्षीचा निधी असतो. वाण मात्र खुला करून सरकार घरी जाते, हे दुटप्पी आहे.

नवा वाण काढणाऱ्याला काही वर्षांचा हक्क द्यावा, त्याशिवाय पैसा कोण घालणार? पण महाबीज आणि कृषी विभागाने जूनच्या पेरणीआधी चिप्सोनाचे प्रमाणित बियाणे मंचरच्या बाजारात आणावे, शेतकरी उत्पादक कंपन्यांना शीतगृहासाठी भांडवल द्यावे. करारावर सही करताना शेतकऱ्याच्या हातात दुसरा पर्याय असेल, तर भावाची बोलणी बरोबरीने होतील.