कराची सीमा उठली, गोदामांची कधी उठणार?

बेळगाव : चंदगडहून बेळगाव चाळीसेक किलोमीटर, तर कोल्हापूर शंभराच्या वर. लग्नाचा बस्ता असो की दवाखाना, चंदगडची माणसं बेळगाव गाठतात. पण तिथल्या किराणा दुकानांत बड्या कंपन्यांचा साबण, बिस्किटं येतात ती बहुतेक गडहिंग्लज-कोल्हापूरच्या बाजूने. असं का?

याचं मूळ जुन्या करपद्धतीत आहे. जीएसटीपूर्वी परराज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा. सी फॉर्म असला तरी शेवटी 2 टक्के भरावेच लागत आणि त्याची वजावट मिळत नसे. कंपनीने स्वतःच्याच दुसऱ्या राज्यातल्या डेपोत माल पाठवला तर मात्र एफ फॉर्मवर भागायचं. म्हणून बड्या कंपन्यांनी राज्यागणिक डेपो थाटले. गोदाम कुठे असावं हे अंतर नव्हे, कर ठरवायचा.

1 जुलै 2017 पासून हे कारण उरलं नाही. परराज्यातल्या खरेदीवर भरलेल्या आयजीएसटीची वजावट व्यापाऱ्याला मिळते. त्यामुळे छोटे डेपो आटोपून भिवंडी, बंगळूरजवळचं नेलमंगल अशा ठिकाणी मोठी वितरण केंद्रं उभारण्याकडे कल वाढला. तिथे माल नुसता साठत नाही. कारखान्यांतून आलेल्या गाड्या रिकाम्या करून, ऑर्डरप्रमाणे दहा प्रकारचा माल एका गाडीत लावला जातो. साठा एका जागी आला की एकूण साठा कमी लागतो, भांडवल कमी अडकतं.

हा झाला कंपनीचा फायदा. पण गोदाम लांब गेलं की गाडीच्या फेऱ्या कमी होतात आणि रविवार पेठेतल्या घाऊक व्यापाऱ्याला जादा माल भरून ठेवावा लागतो. कंपनीचा साठा कमी झाला, तो व्यापाऱ्याच्या डोक्यावर आला. व्याजही त्याच्याच खिशातून. जवळचा डेपो बंद झाला की तिथल्या हमालांचा रोजगार जातो तो वेगळाच.

बेळगावातलं एक केंद्र चंदगड, निपाणी, खानापूर आणि चोर्ला घाटातून गोव्यालाही माल पुरवू शकतं. अडतं ते कंपन्यांच्या विक्री विभागांपाशी. ते अजून राज्यांच्या नकाशावरच आखलेले असतात. व्यापारी संघटनांनी एकत्र येऊन कंपन्यांकडे हाच मुद्दा लावून धरायला हवा. सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण बेळगावातून चंदगडला बिस्किटांचं खोकं पाठवायला कुठल्या निकालाची वाट बघायची गरज नाही.