रिकामा हौदा

आमच्या बेळगावात हल्ली माणसाचा मोठेपणा मीटरांवर मोजला जातो. शहापुरातल्या आमच्या गल्लीत समोरून गाडी आली तर एकाने ओट्याकडेला थांबायचे, हा जुना शिरस्ता. आता त्याच गल्लीत सव्वापाच मीटरांहून लांब, दोन ओळींच्या आसनांचा पिकअप शिरतो, आणि थांबायचे कोणी हा प्रश्नच मिटतो!

माझ्यापाशी प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, सुमारे ४० अश्वशक्तीची, चार मीटरांच्या आत मावणारी. पाच माणसे बसतात, डिकीत तांदळाचे पोते राहते. तिच्याशेजारी २०२२ साली भारतात आलेली टोयोटा हायलक्स उभी करा. २७५५ सीसीचे डिझेल इंजिन, २०४ अश्वशक्ती. इंजिन अडीचपट, ताकद पाचपट. माणसे मात्र पाचच! उरलेला सारा थाट मागच्या हौद्यात, आणि शहरात मला दिसणारे हे हौदे बहुधा रिकामेच.

पिकअपशी माझे वैर नाही. बेळगावची भाजी घेऊन चोर्ला घाटातून गोव्यात उतरणाऱ्या साध्या पिकअपला माझा नमस्कार. त्याच्या कोबी-फ्लॉवरवर गोव्यातली कितीतरी घरे जेवतात. त्याच्या हौद्यावर ओरखडे असतात. माझे भांडण आहे ते ओरखडा पडू नये म्हणून हौद्यावर झाकण बसवणाऱ्या हौशी मंडळींशी.

ही मंडळी म्हणतात, ‘तुमच्या खटाऱ्याला ना एअरबॅग, ना धूर आवरण्याची सोय.’ कबूल. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे मुंबईची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दिवसभर पळणाऱ्या गाडीला वयाची मर्यादा हवीच. जुन्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांचे ५,००० झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीला १०,००० झाले. तेही मी भरीन. पण एअरबॅग आत बसलेल्यासाठी असते. बाहेर चालणाऱ्याचे काय? अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ साली सुमारे १८,००० अपघात तपासले. ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीची धडक, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा, पादचाऱ्याच्या जिवावर बेतण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळली. आमच्या गल्लीत फुटपाथ नाही. तिथे शाळेची पोरे आणि काठी टेकत देवळात जाणाऱ्या आजी याच बॉनेटसमोरून जातात.

‘आम्ही मोठ्या गाडीचा मोठा कर भरतो,’ हे दुसरे उत्तर. भरत असाल! कराने सरकारची तिजोरी रुंदावते, गल्ली रुंदावत नाही.

हायलक्स काढणाऱ्या कंपनीच्या नावात किर्लोस्कर आहेत. त्याच घराण्यातल्या लक्ष्मणरावांनी १८८८ साली याच बेळगावात सायकलचे दुकान काढले होते. ज्या गावाने गरजेपुरते चाक पाहिले, त्याने आता गरजेचा हिशेब सोडून द्यावा काय?

महापालिकेकडे माझे मागणे साधे आहे. बाजाराच्या वेळी अरुंद गल्ल्यांत १.८ मीटरांहून रुंद खाजगी गाड्यांना मज्जाव करा. माल उतरवणाऱ्यांना वेळ ठरवून द्या, आजाऱ्याला नेणाऱ्याला कधीच अडवू नका. रिकाम्या हौद्याने मात्र गल्लीच्या तोंडाशी थांबावे, आणि मालकाने चार पावले चालावीत.