प्रयोगशाळेतले शिंगरू, माळावरचा घोडा

माणसाचे पहिले 'टेस्ट ट्यूब' बाळ १९७८ मध्ये जन्माला आले, तर गाईचे वासरू १९८१ मध्ये. घोड्याने मात्र शास्त्रज्ञांना त्यानंतरही चार दशके झुलवत ठेवले. १९९० मध्ये फ्रान्समध्ये असे एक शिंगरू जन्मले आणि पाठोपाठ दुसरेही आले. पण तो प्रयोग खात्रीने पुन्हा कोणालाच साधला नाही. ही कोंडी अखेर २०२२ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी फोडली. त्यामुळे आता हे तंत्र जमेल का, यापेक्षा ते कोणासाठी वापरायचे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरणार आहे.

मूळ अडचण होती शुक्राणूंची. मादीच्या शरीरात काही काळ राहिल्यावरच शुक्राणूला अंडपेशीचे कवच भेदण्याचे सामर्थ्य येते. माणसाच्या बाबतीत हा बदल प्रयोगशाळेत काही तासांत घडविता येतो. घोड्याचे शुक्राणू मात्र तेथे दाद देत नव्हते. पेनसिल्व्हानियाच्या पथकाने ते विशिष्ट द्रावणात तब्बल २२ तास ठेवले आणि मगच अंडपेशींच्या सान्निध्यात आणले. बहुतांश अंडपेशी फलित झाल्या. त्यातून वाढविलेले तीन गर्भ घोड्यांच्या गर्भाशयात सोडण्यात आले आणि तिन्ही शिंगरे सुखरूप जन्मली.

तोवर प्रजननतज्ज्ञांची सारी भिस्त 'इक्सी' या पद्धतीवर होती. तीत एकच शुक्राणू सूक्ष्म सुईने थेट अंडपेशीत सोडतात. या मार्गाने पहिले शिंगरू १९९६ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडोत जन्मले. मेलेल्या नामवंत घोड्याचे थोडेसे गोठविलेले वीर्यही त्यासाठी पुरते. परंतु महागडी उपकरणे आणि कसलेले हात यांशिवाय ते जमत नाही.

गर्भाचे पहिले दिवसही विलक्षण असतात. निसर्गात घोडीचा गर्भ पाच-सहा दिवस बीजनलिकेत राहतो आणि स्वतः रासायनिक संदेश सोडून गर्भाशयाकडे जाण्याची वाट मोकळी करून घेतो. फलित न झालेली अंडपेशी बहुधा मागेच अडकून पडते. पुढे सोळाव्या दिवसापर्यंत तो गर्भाशयात सर्वत्र फिरत आपले अस्तित्व घोडीच्या शरीराला कळवीत असतो. प्रयोगशाळेतला गर्भ सात ते नऊ दिवसांचा होताच सरोगेट घोडीच्या हवाली केला जातो. घोडीचा गाभणकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असल्याने एरवी तिला वर्षाला जेमतेम एक शिंगरू होते. या तंत्रामुळे मूळ घोडी मैदानात खेळत राहते आणि तिची शिंगरे दुसऱ्या घोड्या वाढवितात. पोलो आणि अडथळ्यांच्या शर्यतींसाठी घोडे पैदा करणाऱ्यांना त्याचे आकर्षण वाटते, ते यामुळेच.

महालक्ष्मी किंवा पुण्याच्या शर्यतींशी मात्र याचा संबंध नाही. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांची नोंद जगभर केवळ नैसर्गिक समागमातून झालेल्या शिंगरांचीच होते; तेथे कृत्रिम रेतनही चालत नाही.

भारतात या विषयाचे महत्त्व आहे ते देशी जातींसाठी. राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर येथील शाखेत २०२३ मध्ये 'राज-प्रथम' हे मारवाडी शिंगरू सरोगेट घोडीच्या पोटी जन्मले. २०२४ मध्ये गोठविलेल्या गर्भापासून 'राज-हिमानी' जन्माला आली. अर्थात हे गर्भ घोडीच्याच शरीरात तयार झाले होते. प्रयोगशाळेतील फलन ही त्यापुढची पायरी आहे.

ती चढण्याची निकड आकड्यांतूनच दिसते. देशातील घोडे व तट्टांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या घरात होती. २०१९ मध्ये ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. महाराष्ट्राच्या भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद मिळाली, तीही अलीकडेच. धनगरांच्या भटकंतीत बिऱ्हाड वाहणारा हा काटक घोडा आहे.

तथापि तंत्रज्ञान आले म्हणजे जात वाचली, असे समीकरण मांडता येणार नाही. प्रयोगशाळा एखाद्या उत्तम घोड्याची संतती वाढविते. जात टिकते ती अनेक वेगवेगळ्या वंशांच्या बळावर. सारंगखेड्याच्या बाजारात भाव खाणाऱ्या मोजक्याच नरांचे वीर्य सर्वत्र वापरले गेले, तर शिंगरे वाढतील, पण रक्त एकाच ठिकाणी साकळेल. शिवाय घोडे घटले ते घोड्या वितेनाशा झाल्या म्हणून नव्हे. टांगे गेले, ओझी टेम्पोवर चढली, चराऊ माळ आक्रसले.

म्हणूनच सरकारी केंद्रांनी हे तंत्र आत्मसात करताना दोन पथ्ये पाळायला हवीत. नावाजलेल्या घोड्यांबरोबरच वाड्यावस्त्यांवरील अनाम घोड्यांचेही वीर्य व गर्भ गोठवून ठेवले पाहिजेत. आणि हे घोडे आजही पोसणाऱ्या कुटुंबांना चारा, औषधोपचार व चराईचा हक्क मिळाला पाहिजे. नाहीतर उद्या भीमथडी घोडा शीतपेटीत सुरक्षित असेल आणि माळावर त्याला पाळणारा कोणी उरलेला नसेल.