हरिहरच्या पायऱ्यांना रेलिंग नको, मोजणी हवी

पावसाळा आला की दोन गोष्टी ठरलेल्या. हरिहरच्या पायऱ्यांवर मुंग्यांसारखी माणसं चिकटलेला एक व्हिडिओ फिरतो, आणि त्याखाली कमेंटमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो बंदी घाला, दुसरा म्हणतो रेलिंग लावा. मला दोन्ही पटत नाही. का ते जरा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

जे गेलेले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं. हरिहर म्हणजेच हर्षगड, त्र्यंबकच्या डोंगररांगेतला. नाशिकहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं, इतका जवळ. निरगुडपाड्याकडून किंवा हर्षेवाडीकडून चढायचं. झाडीतून वाट सोंडेवर येते आणि समोर तो कातळ उभा राहतो. त्यात एका माणसाच्या रुंदीच्या पायऱ्या, शिडी टेकवून ठेवावी तशा. चढ ८० अंशांचा आहे असं सगळे सांगतात. मी काही कोनमापक लावलेला नाही, पण हात न लावता चढता येत नाही एवढं नक्की. त्यासाठीच खोदणाऱ्याने प्रत्येक पायरीला बाजूने खोबण्या ठेवल्यात. बोटं बरोब्बर बसतात त्यात. पायऱ्या संपल्या की दरवाजा, मग कातळाच्या पोटातून कोरलेली वाट. तिथे वाकून जायचं, एका अंगाला दरी. त्यानंतर पुन्हा पायऱ्या. वर मारुती, महादेव, तळं, दगडी कोठार आणि शेवटी हातापायांनी चढायचं एक छोटं कातळी टेकाड. वरून भास्करगड, ब्रह्मगिरी, वैतरणेचं पाणी, सगळं दिसतं. याच गडाच्या एका कड्याला स्कॉटिश कडा म्हणतात, कारण १९८६ मध्ये डग स्कॉट या ब्रिटिश गिर्यारोहकाने तो सर केला. म्हणजे ज्याने एव्हरेस्टचा नैऋत्य कडा चढला, त्यालाही या दगडाचा मोह आवरला नाही.

तर मुद्दा असा. ट्रेकवाले हरिहरला 'सोपा ते मध्यम' म्हणतात आणि ते खरं आहे. पण ही श्रेणी रिकाम्या पायऱ्यांची आहे! पायऱ्या मोकळ्या असतील तर दहावीतला पोरगाही सहज चढतो. त्याच पायऱ्यांवर रविवारी अकरा वाजता चाळीस माणसं चढतायत, तीस उतरतायत, मधे एका ताईंना भोवळ आल्यासारखं होतंय, आणि वरून माकड कुणाची तरी सॅक ओढतंय. दगड तोच असतो. पण तुमचा जीव आता तुमच्या हातापायांवर नाही, तुमच्या वरच्या माणसाच्या हातापायांवर अवलंबून असतो. त्याचा पाय सुटला तर तो एकटा येत नाही. त्याच्या खालची सगळी रांग घेऊन येतो.

आणि गंमत बघा, या पायऱ्या अशा अरुंद का आहेत? शत्रूची फौज एका वेळी एकेकानेच वर यावी म्हणून. वरच्या चार माणसांनी खालच्या चारशेंना अडवावं म्हणून. १८१८ मध्ये इंग्रजांनी आपल्या कित्येक गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या, अलंग-मदन-कुलंगला जाणाऱ्यांना त्याचा अनुभव आहे. इथल्या पायऱ्या मात्र राहिल्या. कॅप्टन ब्रिग्ज त्या बघून चकित झाला होता, असं सांगतात. गर्दी अडवायला केलेली वाट आहे ही, आणि आपण तिथेच गर्दी करतोय.

आता साधा हिशेब मांडतो, चुकला तर दुरुस्त करा. दोन माणसांत सुरक्षित अंतर ठेवायचं तर समजा अर्ध्या मिनिटाला एक माणूस. तासाला १२०. जायची यायची वाट एकच, म्हणजे तासाला ६० माणसं वर जाऊन परत येऊ शकतात. दहा तासांचा दिवस धरला तर ६००. तेही कुणी मधे थांबलं नाही, सेल्फी काढला नाही, घाबरलं नाही तर. आणि घाबरणारं माणूस दर तुकडीत एक तरी असतंच, त्यात लाज नाही. शिवाय लोक दहा तासांत विखरून येत नाहीत, सगळे आठ ते अकरामध्ये येतात. मग खरा आकडा किती उरतो? ३००? त्याहून कमी? कुणीतरी अधिकाराने बसून तो ठरवायला हवा. हा प्रश्न शिस्तीचा, संस्कारांचा, 'आजकालच्या पोरांचा' नाहीच. सहा फुटी दारातून ट्रक जात नाही, इतकं ते सरळ आहे.

रेलिंगवाल्यांना एवढंच विचारतो, कळसूबाईला काय झालं? लोखंडी शिड्या बसवल्या, भल्यासाठीच बसवल्या. पण सुट्टीच्या दिवशी शिडीखाली रांग लागते ती लागतेच. लोखंडाने वाट सोपी वाटायला लागते, रुंद होत नाही. वर शेकडो वर्षांच्या दगडात ड्रिल मारायचं, पाणी मुरवायचं, आणि दहा वर्षांनी गंजलेल्या नळीला कुणीतरी भरवशाने लोंबकळायचं. खोबण्या दिल्यात की खोदणाऱ्याने! फक्त उतरताना तोंड दगडाकडे ठेवा, दोन हात दोन पाय यांतलं एकच एका वेळी हलवा. हे पायथ्याला सांगणारं कुणी नसतं म्हणून लोक दरीकडे तोंड करून बसत बसत उतरतात, आणि मागचे ओरडतात 'अहो चला लवकर'.

बंदीचं तर विचारूच नका. कुठेतरी दुर्घटना होते, दुसऱ्या दिवशी सरसकट आदेश निघतो, धबधबे बंद, गड बंद. कागदावर जबाबदारी संपली. प्रत्यक्षात जाणारे पहाटे चारला अंधारात जातात, चुकीच्या वाटेने जातात, आणि अडकले तर दंडाच्या भीतीने फोन करायला कचरतात. नुकसान कुणाचं? पिठलं-भाकरी, लिंबूपाणी, गाडी लावायला अंगण देणाऱ्या पाड्यांचं. त्यांचा हंगाम हाच. भात लावून झाला की चार पैसे याच महिन्यांत मिळतात.

आणि मोजून माणसं सोडणं आपल्याला जमत नाही असं नाही. कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३००० माणसांची मर्यादा आहे, आधी ऑनलाइन नोंदणी करायची, व्यवस्था आजूबाजूच्या गावांचीच समिती बघते. ताडोबात प्रत्येक गेटला गाड्या ठरलेल्या आणि गावातला गाइड सक्तीचा. तिथे कुणी म्हणत नाही की माझ्या राज्यातला वाघ, मी कधीही बघीन. फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून मोजणी चालते, मग माणसं तुडवली जाऊ नयेत म्हणून का नको?

हरिहरला काय लागेल? फार नाही. घाटात रस्त्याचं काम चालू असलं की दोन टोकांना दोन माणसं झेंडी घेऊन उभी असतात ना, तेच. पायऱ्यांच्या खाली एक, दरवाजात एक, हातात वॉकीटॉकी. वीस माणसं वर सोडायची, शेवटचा पोचला की वीस खाली. ही माणसं पाड्यातलीच हवीत, पण पगारी आणि प्रशिक्षण घेतलेली. नुसता 'स्थानिकांना रोजगार' असा बोर्ड नको. हेल्मेट, दोर, स्ट्रेचर पायथ्याला ठेवलेलं हवं. आज कुणी पडलं तर कोण येतं? आधी गावातली पोरं चपलेवर धावतात, मग गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक, स्वतःची नोकरी सोडून, स्वतःचं पेट्रोल जाळून, स्वतःचे दोर घेऊन. स्ट्रेचर त्या पायऱ्यांवरून हातांनी आणता येत नाही, दोरावरच उतरवावं लागतं. तेवढा वेळ वरची सगळी गर्दी वरच अडकलेली. पाऊस असेल तर भिजत, लहान पोरांसकट.

पैसे कुठून? माणशी पन्नास रुपये घ्या. शंभर घ्या. आपण नाशकात पार्किंगला आणि मिसळीला त्याहून जास्त देतो. फक्त त्या पैशाचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा आणि ठरलेला हिस्सा बचावाच्या सामानाला जावा. कित्येक गडांखाली पावती फाडली जाते, ती कशाची हे पावती फाडणाऱ्यालाही सांगता येत नाही.

कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच लिहितो. 'महाराजांच्या गडाला तिकीट?' गड मोरोपंत पिंगळ्यांनी १६७० मध्ये स्वराज्यात आणला. तेव्हाही दरवाजात माणूस होता, आणि तो विचारल्याशिवाय कुणाला आत सोडत नव्हता. गड म्हणजे कुणीही यावं अशी जत्रा नव्हती. आणि ज्याची पन्नास रुपयांची ऐपत नाही त्या पाड्यातल्या, शाळांच्या मुलांना फुकट सोडा, कोण नाही म्हणतंय.

२०२५ मध्ये राज्यातले ११ किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी जागतिक वारसा यादीत गेले, आपल्या जिल्ह्यातला साल्हेर त्यात आहे. आनंदच आहे. आता निधी, अधिकारी, पाट्या सगळं तिकडे वळेल. हरिहर त्या यादीत नाही, पण फोनवर सगळ्यात जास्त फिरतो तो हाच. म्हणून लिहिलं.

त्र्यंबक आणि इगतपुरी भागातले सरपंच, सदस्य, वन समितीतली मंडळी या पेजवर आहेत. त्यांना टॅग करा, आणि पाड्यातल्या कुणाला हे अव्यवहार्य वाटत असेल तर त्यांनीच खाली लिहावं, त्यांचं मत माझ्यापेक्षा मोलाचं. तोवर ज्यांना जायचंच आहे त्यांनी रविवार सोडून मधला वार बघा, सहाला चढायला लागा, नऊच्या आत पायऱ्या उतरून खाली या. खाण्याच्या पिशव्या हातात नकोत, सॅकच्या आत ठेवा. माकडं पिशवी बघून येतात.