बाबांची पेटी भंगारात घालू नका

तुमच्या घरातला हुन्नरी माणूस नुकताच गेला असेल, तर एक कळकळीची विनंती आहे. त्याच्या हत्यारांच्या पेटीला निदान वर्षभर हात लावू नका. कपडे कुणाला द्यायचे ते द्या, चपला द्या. पेटी मात्र आहे तिथेच राहू द्या.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझे बाबा परळच्या एका गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो मागे घेतल्याचं अधिकृतपणे कधी जाहीरच झालं नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात उतरले होते, त्यातल्या कितीतरी जणांना पुन्हा गिरणीचं तोंड बघता आलं नाही. कुणी गावी गेलं, कुणी भाजीची पाटी घेऊन बसलं. बाबांच्या हातात फिटरचं काम होतं, त्यावर आमचं घर तरलं. दिवसभर मिळेल त्या वर्कशॉपमध्ये रोजंदारी करायची आणि संध्याकाळी चाळीतली दुरुस्ती. चाळीतल्या कामाचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. स्टोव्ह हवा धरत नसला की ते पंप उघडून चामड्याचा वाळलेला वायसर बाहेर काढायचे, खोबरेल तेलात बुडवून बोटांनी मऊ करायचे आणि परत बसवायचे. नवा वायसर घ्यायची वेळ आलीच, तर आधी शेजाऱ्याला विचारायचे, "पगार झाला का?"

ते गेले तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत माणसांना बसायला जागा नव्हती. कॉटखालची लोखंडी पेटी आणि गॅलरीतला व्हाइस अडचण वाटायला लागला. तेराव्यानंतर चार दिवसांनी मी भंगारवाल्याला वर बोलावलं. पेटीत बाबांची एक अर्धगोल कानस होती. तिची मूठ तुटल्यावर त्यांनी माझ्या मोडक्या बॅटच्या दांड्याचा तुकडा तासून तिला बसवला होता. अंगठा टेकायचा तिथे लाकडाला खळगा पडला होता, गुळगुळीत, तेलकट काळा. काट्यावर टाकताना तो खळगा मला दिसला. दिसला, आणि तरी मी जाऊ दिलं. आज माझ्याकडे बाबांचे फोटो आहेत. त्यांचा अंगठा जिथे टेकायचा ती जागा नाही.

मग एक गोष्ट घडली. महिन्याभरात एकेक शेजारी दारात येऊ लागले. "भाऊंचा पाना आमच्याकडे राहिला होता." "ही पक्कड भाऊंची, माळ्यावर सापडली." एका आजींनी पदरात गुंडाळून टेस्टर आणला. अशी अकरा हत्यारं परत आली. बाबांनी उसनी दिली होती तेवढीच वाचली.

म्हणून दुसरी विनंती. माणसं भेटायला येतात तेव्हा त्यांना "बाबा कसे होते?" असं विचारू नका. सगळे "देवमाणूस होता" म्हणतील, डोळे पुसतील आणि उठतील. त्यापेक्षा विचारा, "बाबांनी तुमच्याकडे काय काय दुरुस्त केलं?" मग बघा माणसं कशी बोलती होतात. मला खालच्या मजल्यावरच्या काकांनी सांगितलं की गॅलरीच्या टोकाचा सामायिक नळ गळायचा. बाबांनी रात्री जेवणं झाल्यावर त्याचा वायसर बदलला. पण लाइन रिकामी असताना नळ गळतो की नाही ते कळत नाही, आणि आमच्याकडे पाणी यायचं पहाटे चारला. काका पहाटे उठून बाहेर आले तर अंधारात बाबा नळाखाली तळहात धरून उभे. थेंब पडतोय का ते बघत होते. हे बाबांनी घरी कधी सांगितलं नव्हतं. आईलाही माहीत नव्हतं.

असं जे कळेल ते त्याच दिवशी वहीत लिहा, सांगणाऱ्याच्या नावासकट. वर्षभराने ते सांगणाराही असेल याची खात्री नाही.

शेजाऱ्यांनाही मला सांगायचं आहे. ज्या माणसाने अख्ख्या चाळीचे नळ, पंखे, कड्या सांभाळल्या, त्याच्या मागे त्याच्याच घरातल्या वस्तू बिघडायला लागतात. बाईला सवय असते, नुसतं "अहो, हे बघा जरा" म्हणायची. आता कुणाला म्हणणार? माझी आई दोन महिने मोरीतल्या नळाखाली बादली लावून बसली होती. प्लंबरला बोलवायचं तिला कसंतरीच वाटत होतं, जणू बाबांच्या कामाला दुसऱ्याचा हात लावायचा. तेव्हा भेटायला जाल तर फुलं, फळं न्या, पण सोबत एक पानाही न्या. "वहिनी, काही अडलंय का?" असं नुसतं विचारू नका, त्या नाहीच म्हणतील. "मोरीतला नळ बघू का जरा?" असं विचारा.

आणि घरातल्या कुणीतरी एक काम शिका. एकच. पंखा पाचावर ठेवूनही हळू फिरत असेल तर बऱ्याचदा कंडेन्सर गेलेला असतो. छताच्या पंख्याला बहुधा अडीच मायक्रोफॅरडचा लागतो, इलेक्ट्रिकच्या दुकानात जुना दाखवला की तसाच मिळतो. मेन स्विच बंद करायचा, टेस्टरने दोनदा खात्री करायची, वायरी कुठल्या कुठे आहेत ते आधी कागदावर काढायचं. पहिल्या वेळी जाणता माणूस शेजारी उभा हवा. गॅसच्या बाबतीत मात्र हात घालू नका. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याचं बटण चालू किंवा बंद काहीच करू नका आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करा. बाबा काडी पेटवून गळती बघणाऱ्यावर रागवायचे. एरवी ते कुणावर रागावल्याचं मला आठवत नाही.

ज्यांचे वडील अजून आहेत त्यांना काय सांगू? रविवारी ते स्टूल काढतील, टेस्टर शोधतील, तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून बॅटरी धरायला उभे राहा. लहानपणी मला बॅटरी धरायचा कंटाळा यायचा. उजेड हलायचा आणि बाबा म्हणायचे, "माझ्या हाताकडे बघ, म्हणजे बॅटरी आपोआप तिथे येईल." मी इकडेतिकडे बघत राहिलो. स्टोव्हचा वायसर किती मऊ झाला की काढायचा, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. मला ते विचारायचं राहून गेलं.

परत आलेल्या अकरा हत्यारांची पेटी आता गॅलरीतच असते, कुलूप न लावता. झाकणाला दोरीने एक वही बांधली आहे. कोण काय घेऊन गेलं ते त्यात लिहायचं, एवढाच नियम. बाबा खंडेनवमीला हत्यारं पुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू, झेंडू वाहायचे. गेल्या वर्षी मी पाट मांडला तेव्हा नऊच होती. थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्यावरची कॉलेजात जाणारी मुलगी पक्कड घेऊन आली. पाठोपाठ समोरचे काका लहान पाना घेऊन आले. मुलीने पक्कड तेलाच्या फडक्याने पुसली आणि पाटावर ठेवली. "काका, ही उद्या परत नेऊ ना?" तिने विचारलं. "आमची खिडकी अजून व्हायची आहे."